चिमाबाईंनी लिहिलेला वारा

राजुरीच्या वर, पठारावर चिमाबाईंचा एक माळ आहे. तिथं हुलगासुद्धा धड येत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं सगळं रान दाखवलं, पण हा तुकडा दाखवला नव्हता. १९९६ साली पुण्याहून एक जीप आली आणि तिच्यातल्या लोकांना नेमका तोच पसंत पडला.

जीपमधून अश्विनी नावाची इंजिनिअर उतरली. पवनचक्क्या उभारू पाहणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. चक्की उभारण्याआधी दोन-तीन वर्षं वारा मोजावा लागतो, त्यासाठी इथं लोखंडी खांब लावायचा होता. चिमाबाईंचे मालक भागुजी यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलेलं वारं नेणार कशात?"

"नेणार नाही, नुसता मोजणार."

"मग मोजा," भागुजी म्हणाले.

खांब उभा राहिला. टोकाला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. त्या बसवायला अश्विनी कमरेला पट्टा बांधून वर चढली, तेव्हा अख्खी वस्ती माळावर जमली होती. ती उतरल्यावर शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं, "लगीन झालंय का?"

"नाही."

"कसं व्हईल," गोजरबाई म्हणाल्या.

खांबाची राखण चिमाबाईंकडे आली. बुडाशी एक पेटी होती, तिच्यात चिप. महिन्याला जुनी चिप काढायची, नवी बसवायची आणि जुनी राजुरीच्या पोस्टातून पुण्याला धाडायची. चिमाबाई नुकत्याच साक्षरतेच्या वर्गात लिहा-वाचायला शिकल्या होत्या. चिपमध्ये काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, मग ते खरं कशावरून? म्हणून त्यांनी शंभर पानी वही आणली आणि वारा स्वतःच लिहायला लागल्या. 'आज बरा.' 'आज लई.' 'दुपारी आला, दिवा लावस्तवर व्हता.' 'पत्रा गेला. गेणभाऊच्या रानात घावला.' एक दिवस खाडा नाही.

अठ्ठ्याण्णवच्या वळवात खांबावर वीज पडली आणि पेटी जळाली. अश्विनी आली, पेटी बघितली आणि दगडावर बसून राहिली.

"नवी कवा आणता?" चिमाबाईंनी विचारलं.

"नवी येणार नाही, मावशी. कंपनीनं हात आखडता घेतलाय. वारा आहे, पण त्याची वीज कोण घेणार, काय दरानं, किती वर्षं, हेच नक्की नाही. मग बँका कशाच्या जोरावर कर्ज देतील?"

चिमाबाईंना ते लगेच कळलं. "डेअरीच न्हाई तर म्हस कोण घील?"

हेच साहेबांना सांगायला आपल्याला चाळीस पानं लागली, असं अश्विनी म्हणाली आणि जीपमध्ये बसून गेली.

वाट्या फिरत राहिल्या, मोजणारं कुणी नव्हतं. चिमाबाईंना मात्र थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या लिहीत राहिल्या. वह्या चार झाल्या, पाच झाल्या.

२००३ मध्ये अश्विनीचं पत्र आलं. विजेचे दर ठरवायला आता आयोग होता आणि पवनचक्कीच्या विजेचा दर ठरवण्याआधी तो लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होता. कुणीही बोलू शकत होतं. चिमाबाई आणि भागुजी एस.टी.नं पुण्याला गेले.

सभागृहात कोटवाल्यांची भाषणं दुपारपर्यंत चालली. मग चिमाबाईंचं नाव पुकारलं.

"संस्था?" कारकुनानं विचारलं.

"पठार," भागुजी म्हणाले. त्यानं तसं लिहून घेतलं.

चिमाबाई माइकपासून हातभर लांब उभ्या राहिल्या. "मी सात वर्षं वारं लिव्हलंय. आमच्याकडं वारं दुपारी दोनला उठतं, त्ये दिवेलागणीपातुर. लाईट बी दोनलाच जाती. दोघांचा टाइम येकच, पर येकमेकांची वळख न्हाई. तेवढी गाठ घालून द्या."

सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि वारा नव्हता ते दिवस?"

"त्ये बी लिव्हल्यात. न्हाई तर बाकीच्यावर कोण इस्वास ठेवील?"

"वह्या इथं ठेवून जाल का?"

"झेरॉक्स काढा," चिमाबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीनं नारायणगाव मागं टाकलं. तेव्हा चिमाबाई म्हणाल्या, "माझं पाय कापत व्हतं. दिसलं का?"

"लुगडं व्हतं," भागुजी म्हणाले.

पुढं आयोगाचा निकाल लागला. दर ठरला, तोही बऱ्याच वर्षांसाठी बांधून. निकालाची पानं ढीगभर होती, चिमाबाईंचं नाव त्यात कुठं नव्हतं. पण बँका तयार झाल्या. अश्विनी एव्हाना दुसऱ्या कंपनीत होती. तिनं त्या कंपनीला पठारावर आणलं आणि २००६ पर्यंत नऊ चक्क्या उभ्या राहिल्या.

चिमाबाईंच्या माळावर एकही नाही. चक्कीची पाती लांबच लांब, ती वर चढवायला रुंद रस्ता हवा होता. तो माळाच्या मधोमध गेला. रीतसर मोबदला मिळाला, तरी आठ दिवस चिमाबाई त्या बाजूला फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी गेल्या आणि अश्विनीला गाठलं.

"ही लाईट आमच्या वस्तीला का?"

"सगळी एकाच जाळ्यात जाते, मावशी. तिथून कुणाची कुठं गेली ते सांगता येत नाही."

"मंजी पंगतीत," चिमाबाई म्हणाल्या. "वाढपी वळखीचा पायजे."

वस्तीची लाईट जायची ती जातच राहिली, पूर्वीपेक्षा थोडी कमी. मात्र रस्ता झाल्यावर दोन वर्षांनी त्यावरून एस.टी. सुरू झाली, दिवसाला दोन फेऱ्या. डोक्यावर पाटी घेऊन दोन तास उतरायचा डोंगर आता बसून उतरता येतो. पवनचक्क्यांनी तुम्हाला काय दिलं, असं पाहुण्यांनी विचारलं, की चिमाबाई सांगतात, "सकाळी साडेआठ आन् दुपारी तीन."