आ करा

इकडे गुजरातेत, आमच्या गोडादऱ्याच्या सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या देणारा एक माणूस आहे. नाव मी विचारलं नाही. मला काय त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?

गोळी हातात दिली की तो समोरच गिळायला लावतो आणि वर म्हणतो, "आ करा, जीभ उचला." गुजरात्याला गुजरातीत सांगतो, ओडिया कारागिराला हिंदीत. एका पहिलवानाने गोळी गालात दाबली, तर म्हणाला, "भाऊ, टीबी छातीत आहे, गालात नाही."

माझ्या गोळ्या ब्लडप्रेशरच्या. त्या महिन्याच्या एकदम मिळतात, घरी नेऊन खायच्या. त्या मला माझी बायको, म्हातारी, रोज हातात द्यायची. ती गेली आणि मी गोळ्या सोडल्या. जगून कोणते दिवे लावायचे होते? मग एकदा चक्कर आली, म्हणून दवाखाना गाठला. डॉक्टरने रागावून त्याच गोळ्या पुन्हा दिल्या. बाहेर ते ऐकून या गोळ्या देणाऱ्यानं अडवलं.

"काका, गोळ्या का सोडल्या?"

"देणारी गेली."

त्यानं स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. "गोळ्यांचं पाकीट इथं ठेवा. रोज यायचं, माझ्यासमोर घ्यायची."

"मला काय टीबी झालाय?"

"नाही. पण तुमचा भरवसा नाही. आ करा."

तेव्हापासून मी रोज टीबीवाल्यांच्या रांगेत उभा राहून त्याला शिव्या देतो. रविवारी दवाखाना बंद, म्हणून शनिवारी तो एक गोळी जास्त देतो. ती मी घरी घेतो आणि म्हातारीच्या फोटोपुढे आ करून दाखवतो.