शेवटच्या कडव्यातलं नाव

कळंबच्या स्टँडवर आमी बोचकी घेऊन उभे होतो. दुष्काळाचं दुसरं साल. मी आणि माझी बायको सखू खडी फोडायला पुण्याला निघालो होतो. लोकांनी वळखलं. "दगडूबा, जाता जाता जोडीनं म्हना की!" बांगलादेशाच्या लढाईत आमचं गाणं तेरपासून नळदुर्गापर्यंत गाजलेलं. गाण्यात शिपायाची बायको विचारते, शिपाई सीमेवरून जबाब देतो.

सखू कोरड्या घशानं म्हणाली. शेवटच्या कडव्याला गप्प झाली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, म्हणून कुणाला कळलं न्हाय. मला कळलं.

गाडीत विचारलं, "का थांबलीस गं?"

"त्यात तुमचं नाव हाय. तुमीच म्हना."

आपल्याकडं गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. हे गाणं सखूनं जात्यावर रचलं. सवाल तिचे, जबाबबी तिचेच. नाव मी माझं घातलं. बाईचं कोण घालतं, म्हणालो.  लढाईभर माझं नाव तिनंच गावोगाव म्हटलं.

पुण्यात खडीवरून स्लॅबच्या सेंट्रिंगवर गेलो, पत्र्याची खोली झाली. साइटवर तुमच्यातलं, आपल्या गावाकडचं, कुणी भेटलं की गाणं मागायचं. शेवटच्या कडव्याला ती उठून स्टोव्हला पंप मारायची. लोक हसायचे, "वैनीची ऐट लई!" एक नाव बदलायचं होतं. इतक्या वर्षांत माझ्यानं झालं न्हाय. गेल्या उन्हाळ्यात सखू गेली.

मग गावच्या दूध सोसायटीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तुमी मला गाण्यासाठी बोलावलंत. सखूच्या सवालाच्या ओळी सोसायटीतल्या बायांना तोंडपाठ होत्या, त्या त्यांनी म्हटल्या, जबाब मी. शेवटचं कडवं आलं. समोर सगळी सोयरीधायरी. डोळे मिटले आणि म्हटलं, "सखू म्हणे."

ढोलकी थांबली. वाजवणारा माझा जुना सोबती तुकाराम वरडला, "दगड्या, चुकलास!"

"आत्ता न्हाय. पयल्यांदा चुकलो हुतो. गाणं तिचं हाय."

कुणी हसलं न्हाय.  मग तुकारामनं थाप मारली आणि बायांनी तिचं नाव उचललं.

म्हणून हे लिहितो, गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या गेलेल्यांना. माझं रान इकलं, घर पडलं. आता जिथं ते कडवं सखूच्या नावानं म्हणतात, ते माझं गाव. जिथं अजून माझं नाव घालतात, तिथं मला बोलावू नका.