मावशीचा धवला, बदलापूरचं सभागृह

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या खोलीत जीन्सच्या पँटींचे ढीग असायचे आणि उरलेल्या जागेत आम्ही. आई दिवसभर धागे कापायची. शिवून झालेल्या पँटीला जागोजाग दोऱ्यांची टोकं लोंबत असतात, ती लहान कात्रीनं साफ करायची. उल्हासनगरात हे काम बायका घरी आणून करतात. कापडाचा निळा रंग आईच्या बोटांना लागायचा, तिथून भाताच्या घासाला. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत पिंपं चढवायचे-उतरवायचे. त्यांची कंपनी बंद पडली ते वर्ष आम्ही मावशीच्या तांदळावर काढलं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, चांगुणाबाई. ती धवलारीण (आम्हा आगरी लोकांच्या लग्नात मांडवाखाली धवला गाऊन सगळे विधी लावणारी बाई). लग्नघरून तिला लुगडं, नारळ आणि सूपभर तांदूळ मिळायचे. त्यातले निम्मे ती आमच्याकडे पोचवायची. ते खाऊन मी बारावी झाले आणि पुढे आमच्या घरातली पहिली पदवीधर. तीही संगीतातली. हे मी लाजत सांगत नाही, मिरवून सांगते.

आता मी मिरजेत शिकवते. इथं मी उल्हासनगरची म्हटलं की लोक हसून विचारतात, "तिकडं सगळा माल नकलीच ना हो?" त्यांच्यासाठी ह्याच हिवाळ्यातल्या माझ्या तीन दिवसांच्या फेरीची ही हकिगत.

निमित्त होतं बदलापूरच्या एका कार्यक्रमाचं. तीन नव्या संगीतकारांच्या रचना, त्यात एक माझी. आमचं संगीत म्हणजे आजच्या माणसानं स्वर न् स्वर कागदावर लिहून बसवलेलं शास्त्रीय संगीत. ऐकणारे थोडे. माझी रचना दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनची जरा जाड आवाजाची बहीण), एक चेलो (गुडघ्यांत उभा धरायचा, खर्जातला थोरला भाऊ) आणि मावशीचा आवाज, अशी होती. मामेभावाच्या लग्नात मी मावशीचा धवला मोबाइलवर टिपून घेतला होता. तो वर्षभर ऐकून मी रचना लिहिली. मग मावशीला फोन केला, "रविवारी गायला येशील ना?"

"बगू," ती म्हणाली. मी ते हो समजले.

शुक्रवारी सकाळी कल्याणला उतरले. चेलो वाजवणारा ग्लेन वसईहून येऊन थांबला होता, शेजारी त्याची माणसाएवढी पेटी. रिक्षावाल्यानं पेटीकडे पाहिलं. "मॅडम, फ्रिज आहे का?"

"नाही भाऊ, वाजवायचं आहे," ग्लेन म्हणाला.

"मग ह्याला मध्ये बसवा. तुम्ही दोघं कडेला ॲडजस्ट करा."

तसंच केलं. अर्धी मी रिक्षात, अर्धी उल्हासनगरात, अशी कॅम्प चारला पोचले. गल्लीत शिलाई मशिनींची घरघर, दारोदार कापडाच्या गाठी, पाट्या सिंधी, हिंदी, मराठी, जिला जशी जागा मिळाली तशा. माझं गाव. नाकात आधी नव्या कापडाचा वास शिरला आणि मग लक्षात आलं की मिरजेत मला ह्या वासाची आठवण यायची.

हरीशेठच्या कारखान्याच्या माडीवर तालीम होती. आईनं वीस वर्षं ह्यांचेच धागे कापले. जागा हवी म्हटल्यावर त्यांनी भाड्याचा विषयच काढला नाही.

"अडे, सुशीला की बेटी! पहले खाओ, फिर बजाओ. खाली पेट सूर नहीं लगता."

समोर दाल-पकवान आलं (पकवान म्हणजे मैद्याची तळलेली कडक पुरी, वर पातळसर चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा). व्हायोलिनवाल्या दोघी सख्ख्या बहिणी, पुण्याच्या. त्या डाएट सांगत होत्या. हरीशेठनी ऐकलं नाही. व्हिओलावाल्या कार्तिकनं तर तीन खाल्ली.

माडीच्या चारही भिंतींना कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. तिथं वाजवलेला स्वर भिंतीकडे गेला की परत येत नाही, कापड पिऊन टाकतं. वाजवणाऱ्याची बारीकशी चूकही उघडी पडते. त्या तसल्या खोलीत माझा सुरुवातीचा भाग चौघांनी इतका साफ वाजवला की मला भरून आलं. सहा मिनिटांचा तो भाग लिहायला मला दोन महिने लागले होते. एका मोठ्या जाणकारांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती.

हरीशेठ मन लावून ऐकत होते. वाजवणं थांबल्यावर म्हणाले, "बहुत अच्छा है. शुरू कब होगा?"

ग्लेन खो खो हसला. मी नाही हसले.

मावशी दुपारी यायची होती. तीन वाजले, चार वाजले. फोन केला तर म्हणाली, "मी येनार नाय," आणि बंद केला. कार्यक्रमवाल्यांनी मला आधीच बजावलं होतं की गाणारी बाई नसेल तर तुमची रचना गाळावी लागेल.

संध्याकाळी बदलापूरला आईकडे गेले. बाबा गेल्यापासून ती तिथं एकटी राहते, स्टेशनापासून लांब, पण खिडकीतून डोंगर दिसतो. तिला सगळं सांगितलं.

"तू तिला फोनवर बोलावलंस?" आई म्हणाली.

"कार्डपण पाठवलं, व्हॉट्सॲपवर."

आईनं कपाळाला हात लावला. "अगं, धवलारणीला आवतण (आमंत्रण) द्यायला घरचं माणूस जातं. नारळ, सुपारी, कुंकू, तांदूळ घेऊन. तिच्या दारात उभं राहून सांगायचं असतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? पदवीधर बाईला मी काय शिकवू?"

शनिवारी सकाळी पिशवीत नारळ घेऊन अंबरनाथला उतरले. एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात पहिल्या पाळीला उशीर झालेले दोन कामगार होते. एकानं पिशवीतून डोकावणारा नारळ पाहिला. "कुणाचं लग्न?"

"लग्न नाही, संगीताचा कार्यक्रम."

"मग नारळ कशाला? स्टेजवर फोडणार?" दुसरा म्हणाला, "गप रे, कंपनीत मशीनपुढं फोडतोस तेव्हा तिचं लग्न असतं का?" आणि मग दोघं त्यावरच भांडत उतरले.

कारखान्यांच्या रांगा संपेपर्यंत औषधाच्या बाटलीसारखा वास येत राहतो. मग एकदम उघडं रान लागतं. कापलेल्या भाताचे खुंट, त्यांच्यामधून हिरवे वाल, आणि मागं मलंगगडाचा सुळका. मावशीचं गाव तिथं आहे. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"ये गो पदवीवाली. आज तुजा फोन बिगडला काय?"

मी पिशवी उघडली. तिच्यापुढं तांदूळ ठेवले, वर नारळ-सुपारी. तिला कुंकू लावलं, पाया पडले. "मावशी, उद्या बदलापूरला गायला ये. आवतण घेऊन आलेय."

"आता कशी मानसावानी बोललीस," असं म्हणून तिनं नारळ उचलला आणि आधी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, जवळ्याची (बारीक सुकी कोलंबी) चटणी, वालाचं बिरडं. मला वाटलं, सुटले.

जेवण झाल्यावर मी मोबाइल काढला. तिनं कुठून गायला सुरुवात करायची ते ऐकवलं. नवरी मांडवात येते ती जागा. फार सुंदर चाल आहे ती.

"आनि याचे आदी?" मावशीनं विचारलं.

"आधीचं काढलं. देवांची नावं, गावाची, घरच्यांची नावं. लांब होतं. आपल्याला पंधराच मिनिटं आहेत."

"काडलास?" तिनं सोललेल्या वालाचं सूप बाजूला ठेवलं. "देवाला नाय बोलावलास, घरच्यांना नाय बोलावलास, आनि नवरी उबी केलीस? एकटीच?"

"मावशी, हे लग्न नाहीये."

"तेच इचारतंय. लगीन नाय, मंग मी नावा कुनाची घेऊ? खुर्च्यांची?"

मी समजावू लागले. संगीतात तुकडा घेता येतो, सगळेच घेतात, परदेशात तर असं फार होतं. ती शांतपणे ऐकत होती, आणि तेच वाईट होतं. शेवटी म्हणाली, "पोरी, मी रुसलेली नाय. मना येतच नाय. नावा घेतल्याबिगर माझे तोंडान पुडचा येत नाय. मंदीच चालू कराला मी काय रेडिओ हाय?"

तिला किती वेळ लागेल ते मी विचारलं. तिला मिनिटं माहीत नव्हती. मग तिनं पडवीत बसूनच नावं घेतली आणि मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं.

मी कागद पुढं घेऊन बसले. शेवट कापता येत नव्हता, मधला भाग कापला तर सांधा तुटत होता. वाढवून वेळ मिळणार नव्हता. उरली फक्त माझी सुरुवात. मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून होते. मग पहिली तीन पानं काढून पिशवीत टाकली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फक्त चेलोचा एक लांब षड्ज ठेवला, मावशीच्या नावांखाली धरायला.

"वाजवनारी किती मानसां हायत?" मावशीनं विचारलं.

"चौघं."

"तीपन मांडवान बसनार ना? मंग तीच घरची. त्यांचे आयांची नावा मना उद्या सकाली पायजेत."

रविवारी सकाळी सभागृहात ही चौकशी झाली. बहिणींची आई मंगला. कार्तिकची विशालाक्षी. मावशीनं ते नाव दोनदा घोळवलं आणि आवडल्यासारखी मान हलवली. ग्लेन जरा संकोचला. "माझ्या आईचं नाव फिलोमिना. चालेल का, मावशी?"

"तुला जन्म दिला तिनं, मना काय धाड भरली न चालाला?" मावशी म्हणाली. "फिलोमाय. बसतंय बराबर."

मग तिनं रंगमंच पाहिला आणि मांडव कुठाय म्हणून विचारलं. मांडव नव्हता. मांडवाला चार मेढी (खांब) लागतात, एवढं मला ठाऊक होतं. कागद ठेवायचे चार स्टँड होते. ते आम्ही चार कोपऱ्यांना उभे केले, आईनं प्रत्येकाला आंब्याचा डहाळा बांधला, आणि मधे पाटावर मावशी बसली. व्हायोलिनवाली थोरली घाबरली. चौघं नेहमी जवळजवळ बसतात, नजरेनं एकमेकांना खुणा करतात. "आम्हाला एकमेकांच्या खुणा दिसणार कशा?"

"एकमेकांकडे कशाला बगता? माझे कडे बगा," मावशी म्हणाली. "मी मंदी कशाला बसलीय?"

संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं. हरीशेठ सहकुटुंब आले होते. आधीच्या दोन रचना चांगल्या झाल्या, त्यातली बासरीची तर फारच. मग आमची.

ग्लेननं षड्ज धरला. मावशीनं देवांना बोलावलं, डोंगराला बोलावलं, नदीला, गावाच्या वेशीला. मग मंगलाला, विशालाक्षीला. फिलोमाय आली तेव्हा ग्लेननं मान खाली घातली. गज मात्र थांबला नाही. नवरीच्या चालीवर दोन्ही व्हायोलिनं आत आली आणि मागच्या रांगेतून आवाज उठला. बदलापूरच्या जुन्या गावठाणातल्या चार-पाच आगरी बायका होत्या. धवल्याची ओळ झाली की मांडवातल्या बायकांनी ती उचलायची असते, ती त्यांनी उचलली. हे माझ्या कागदावर नव्हतं. चौघं वाजवणारे थांबले, मावशीकडे पाहिलं. तिनं बोट जरासं वर केलं. थांबा. बायकांची ओळ पुरी झाली. बोट खाली आलं. चौघं एकाच क्षणी सुरू झाले. पुढं प्रत्येक ओळीला तसंच.

पंधराची एकवीस मिनिटं झाली. पडद्याआड घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या कार्यक्रमवाल्या बाई मला काहीतरी सांगायला आल्या आणि न सांगता तिथंच ऐकत उभ्या राहिल्या.

कार्यक्रमानंतर मी मावशीला विचारलं, "सगळ्यांच्या आयांची नावं घेतलीस. माझ्या आईचं का नाही?"

"आवतण तूच दिलास ना? तू घरधनीन. बोलावनारीला कोन बोलावतो?" ती म्हणाली आणि हरीशेठनी आणलेल्या मिठाईच्या डब्याकडे वळली.

सोमवारी मी मिरजेला परतले. गाडीत पिशवीतली ती तीन पानं काढून वाचली. चांगली आहेत, अजूनही मला तसंच वाटतं. ती वेगळ्या रचनेची आहेत, एवढंच. त्या रविवारी त्यांची गरज नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की मावशीजवळ गळा आहे आणि संगीत मी कॉलेजातून आणलं. कुठून सुरू करायचं, कुणी कधी थांबायचं, ऐकणाऱ्यानं कुठं सामील व्हायचं, हे सगळं त्या धवल्यात आधीपासून बांधलेलं होतं. ते बांधणाऱ्या बाईला काय म्हणतात, हे मला पदवीच्या परीक्षेत नीट लिहिता आलं असतं.

संक्रांतीनंतर हीच रचना पुण्यात होणार आहे. ह्या वेळी आवतण द्यायला ग्लेन स्वतः मावशीच्या गावी गेला आणि दोन भाकऱ्या जास्त खाऊन आला. काल कार्यक्रमाचा छापील कागद हातात पडला. संगीतकार म्हणून त्यावर दोन नावं आहेत. आधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या चांगुणाबाईचं, त्याखाली माझं.