पहिली लाभार्थी

सार्वजनिक आरोग्यसेवेचं भवितव्य भागीदारीत आहे. शासन, समाज आणि उद्योग एकत्र आले की उपचार गरिबाच्या दारापर्यंत पोचतात. आमच्याकडे ते खरंच दारापर्यंत पोचले होते. भिंत तेवढी ओलांडायची राहिली होती.

ताई, माझी थोरली बहीण, मेहुणे गेल्यापासून मीरा रोडच्या हाटकेशला माझ्याकडेच असते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते कांदिवलीच्या एका दवाखान्यात सरकारी योजनेच्या कार्डावर फुकट होतं; त्रास आहे तो जाण्यायेण्याचा. आमच्या बाजूची रिक्षा दहिसर चेकनाक्यापुढे, मुंबईच्या हद्दीत, जात नाही. तिथे उतरायचं, पायी पलीकडे जायचं आणि मुंबईची रिक्षा धरायची. जाताना जमतं. येताना चार तास यंत्राला जोडून झालेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच तिला चालवावं लागतं. दोनदा ती नाक्यावरच खाली बसली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तू हो पुढे. मी जकात भरून येते."

घरापासून दहा मिनिटांवर डायलिसिस केंद्र होतंय असं कळलं, तेव्हा तिने मला त्याच दिवशी नाव नोंदवायला पिटाळलं. जागा एका सरकारी खात्याची, यंत्रं एका ट्रस्टची, पाणी शुद्ध करायचा प्लांट एका कंपनीच्या सामाजिक बांधिलकीतून आलेला. करार चांगला जाडजूड होता. खात्याने इमारतीपर्यंत पाणी द्यायचं आणि आतलं सगळं ट्रस्टने बघायचं, असं त्यात होतं. भिंतीविषयी कोणीच काही लिहिलं नव्हतं. नळ बाहेर येऊन थांबला, प्लांट आत बसला. भिंत सरकारी, म्हणून ट्रस्टला भोक पाडता येईना. पाईप ट्रस्टचा, म्हणून खात्याला तो घालता येईना. पाण्याशिवाय डायलिसिस होत नाही, यावर तिन्ही भागीदारांचं एकमत होतं.

काशीगावचा एक प्लंबर तिथे दोन-तीनदा येऊन गेला होता. मला म्हणाला, "दोन तासांचं काम हाय. पन मला सांगनार कोन? ह्यो म्हनतो तो सांगल, तो म्हनतो ह्यो सांगल."

उद्घाटनाचं मात्र अडलं नाही, कारण पाहुण्यांची तारीख मिळाली होती. ट्रस्टच्या समन्वयक बाईंचा फोन आला. "काका, आजींना घेऊन या. आपल्या पहिल्या लाभार्थी त्याच."

"पाणी आलं का?"

"ते येईल हो. त्या दिवशी फक्त फोटो."

मी कुरकुरलो. ताई म्हणाली, "एकदा त्यांच्या यादीत चढलो की नंबर पक्का. तू सगळीकडे शंका काढतोस, म्हणून तुला कुठेच नंबर लागत नाही." मला ते पटलं, हे इथे कबूल केलं पाहिजे. तिने ठेवणीतली साडी नेसली. आम्ही कार्ड दिलं, तिने अंगठा लावला, आणि तिला पलंगावर निजवून हातावर नळी चिकटपट्टीने चिकटवली. यंत्राचे दिवे लागले होते.

"आजी, थोडं हसा ना," समन्वयक बाई म्हणाल्या.

"यंत्र चालू करा, मग हसते."

भाषणांत भागीदारी हा शब्द किती वेळा आला, ते मोजणं मी अर्ध्यात सोडलं. नंतर सगळ्यांना सामोसे मिळाले. ताईच्या आहारात ते बसत नाहीत, म्हणून तिला पुष्पगुच्छ मिळाला.

दोन दिवसांनी कांदिवलीला गेलो, तर खिडकीतल्या माणसाने स्क्रीन आमच्याकडे वळवला. "यांचं डायलिसिस मीरा रोडला चालू दाखवतंय. एका कार्डावर एकच केंद्र चालतं." मी सगळं सांगितलं. माणूस भला होता. त्याने त्या दिवशी तातडीची केस म्हणून ताईला आत घेतलं. "पण परवा येताना तिकडचं नाव काढून या. नाहीतर मला नाही घेता येणार."

म्हणजे हातात एक दिवस होता. डायलिसिस चुकलं की ताईच्या छातीत पाणी भरतं. ते आम्ही एकदा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केंद्रात हजर. उपचार दिलेच नाहीत असं पत्र मी मागितलं. समन्वयक बाई खरोखर ओशाळल्या. "तसं कसं लिहू, काका? सुरू झाल्याचा अहवाल वर गेलाय." त्यांनी आम्हाला संगणकावरच्या मुलीकडे पाठवलं. नाव काढायचं तर कारण निवडावं लागत होतं. 'दुसऱ्या केंद्रात पाठवले' याला वरून मंजुरी लागायची, आठ दिवस. राहिली दोन कारणं. पहिलं होतं मृत्यू.

"तेच लिही," ताई म्हणाली. "नाहीतरी फोटोत मी तशीच दिसतेय."

"मग कार्डच बंद होईल, आजी."

मुलीने समन्वयक बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिने दुसरं कारण निवडलं, आणि नाव लागलीच निघालं.

ठरल्या दिवशी कांदिवलीला ताईला बिनबोभाट आत घेतलं. अजूनही आम्ही आठवड्यातून तीनदा चेकनाक्यावर रिक्षा बदलतो.

केंद्राच्या नोंदीत आजवर एकच रुग्ण आहे. ती पूर्ण बरी झाली आहे.