बोरीखालचा वाटा

अहमदपूरहून उदगीरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथं उतरून दोन किलोमीटर चाललं की लक्ष्मम्माचं गाव. तिची साठी आता सरली. अंगानं काटकुळी, बोलणं कमी. गावातल्या बायका तिला घुमी म्हणतात. म्हणू देत. पंचवीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून बसायचं म्हटल्यावर माणूस घुमं होणार नाही तर काय गाणी म्हणत फिरेल?

या घरात ती आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नवरा अण्णाराव, त्याची आठ एकर जमीन, आणि पाठचा भाऊ चंद्रप्पा. सासू-सासरे आधीच गेलेले. चंद्रप्पा नऊ वर्षांचा, नाकातला शेंबूड बाहीला पुसणारा. नव्या नवरीची हळद उतरायच्या आत तिला त्याच्या डोक्यातल्या उवा काढाव्या लागल्या. त्यामुळं दीर असूनही तिनं त्याला कधी भावजी म्हटलं नाही. चंद्रूच म्हणायची. तोही भाकरी तिच्याच हातची मागायचा.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मुलगी झाली. मंजुश्री. तोवर लोकांनी काय काय ऐकवलं असेल ते सांगायला नकोच. अण्णारावला तर आभाळ ठेंगणं झालं. शेतावरून आला की हातपाय न धुता पोरीला उचलायचा आणि लक्ष्मम्माच्या शिव्या खायचा. पोर दीड वर्षाची झाली, बोरीखाली बसून माती खायला शिकली. हो, तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे शेताच्या खालच्या कोपऱ्यातली बोर. लक्ष्मम्मा खुरपायला लागली की पोरीला त्या बोरीखाली घोंगडीवर बसवायची.

भादव्यात पोरीला ताप भरला. ओढ्याला पूर होता. पलीकडच्या दवाखान्यात जायचं म्हणून अण्णाराव दोनदा पाण्यात उतरला आणि दोनदा माणसांनी त्याला मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पण तोवर पोर गेली होती. अरेरे, काय सांगावं! आदल्या दिवशीपर्यंत ती आईच्या पदराची गाठ चोखत होती.

ही माणसं लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि ज्याचं शेत असेल त्याला त्याच्याच शेतात. मोठ्या माणसावर नंतर ओटा बांधतात. एवढ्याशा लेकराला कुठला ओटा? अण्णारावनं बोरीखाली खड्डा घेतला, बारशाला गळ्यात बांधलेली चांदीची लिंगाची डबी तिच्याबरोबरच ठेवली आणि वर एक दगड ठेवला. पुढं नांगराच्या फाळानं तो दगडही कुठं सरकला कोण जाणे. चंद्रप्पा तेव्हा अहमदपूरला वसतिगृहात शिकत होता. पुरामुळं त्याला चार दिवसांनी कळलं. आला, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पण कुठं ठेवली हे त्यानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. त्या घरात तिचं नावच निघेनासं झालं.

वर्षातून एकदा मात्र लक्ष्मम्मा तिला जेवू घालायची. मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली, की लातूर भागात गावं ओस पडतात. सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडवांचे चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, भज्जी, उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील शेताला शिंपत फेरी मारायची. काळ्या आईला जेवण म्हणतात ते हेच. फेरी झाली की लक्ष्मम्मा म्हणायची, ‘बोरं घिऊन येते.’ ओटीत बोरं आणायची खरी, पण जाताना पदराआड आंबिलीचा तांब्या असायचा. ती बोरीखाली ओतायची आणि थोडा वेळ बसायची. अण्णाराव लांबून बघायचा आणि मुद्दाम दुसरीकडं तोंड करायचा.

पुढं उमाशंकर झाला. चंद्रप्पाचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, नीलम्मा त्याची बायको होऊन आली, आणि घर लहान पडायला लागलं. भांडण नव्हतं. पण दोन चुली झाल्या की आज ना उद्या वाटणी येतेच. अण्णाराव म्हणाला, गोडीत आहे तोवर करून टाकू.

आता त्या गावची रीत ऐका, कारण सगळा घात तिथंच झाला. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही. रीत चांगली आहे, हो. पण रीत करणाऱ्यांनी लबाडीचाच विचार केला होता. मायेचा केला नव्हता.

आठ एकरांत वरची चार एकर काळी, तिच्यात विहीर. खालची चार एकर बरड, दगडगोट्याची, आणि तिच्या कोपऱ्यात बोर. आदल्या दिवशी अण्णाराव बायकोला म्हणाला, “इहीर एका वाट्याला घालतो, बोर दुसऱ्या. चंद्रू इहीर उचलंल. कोन बी उचलंल. बरड ऱ्हाईल आपल्याला. पोरगी बी ऱ्हाईल.”

लक्ष्मम्माला किती बरं वाटलं! विहीर गेली तर गेली, रोजानं जाईन, पण लेक आपल्या वाट्यात राहील. तिनं त्या दिवशी पुरण घातलं.

महादेवाच्या देवळात पंच बसले. त्यांच्यातले म्हातारे गुरुबसप्पा वाटे ऐकून चिडलेच. “अण्णाराव, डोकं ठिकान्यावर हाय का? येकात इहीर अन् येकात नुसती दगडं?”

“असू द्या,” अण्णाराव म्हणाला. “धाकट्याला काय पायजे ते उचलू द्या.”

सगळ्यांना वाटलं, थोरला भाऊ धाकट्याला विहीर देऊन टाकतोय. चंद्रप्पालाही तेच वाटलं. तो उठला. डोळे भरलेले. “आण्णा,” म्हणाला, “तुमी मला बापागत वाढवलाव. मी इहीर घिऊन तुमाला दगडात घालू? बरड माझी.”

पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुबसप्पांनी चंद्रप्पाला पोटाशी धरलं. भाऊ असावा तर असा, असं जो तो म्हणायला लागला. आणि अण्णाराव? त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. काय बोलणार होता? मला बरडच पाहिजे म्हटलं असतं तर चंद्रप्पानं पाय धरून विहीर गळ्यात घातली असती. आणि खरं कारण सांगावं, तर पोरानं काळीज काढून दिलं होतं ते चार लोकांत त्याच्या अंगावर परत फेकल्यासारखं झालं असतं.

घरी येऊन तो उंबऱ्यावरच बसला. लक्ष्मम्मानं पाणी दिलं. “इहीर आली आपल्याकडं,” तो म्हणाला.

तिच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. “अन् माझी मंजी?”

तो तसाच उठून बाहेर गेला. नंतर दोनदा भावाच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा चप्पल न काढता परत आला. शेवटी त्यानं तिच्याकडून लिंगाची आण घेतली, की चंद्रप्पाला हे कधी कळू द्यायचं नाही. लक्ष्मम्माला नवऱ्याचा राग आला. फार राग आला. आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. एवढा शहाणा माणूस, भावाला ओळखू शकला नाही? पण मग तिच्या ध्यानात आलं, की चंद्रूला तिनंच वाढवलं होतं, आणि तिलाही ते सुचलं नव्हतं.

पुढची वर्षं जशी कुणाचीही जातात तशी गेली. विहिरीवर अण्णारावचा हरभरा चांगला पिकला, घरावर स्लॅब पडला, उमाशंकर शिकून लातूरला नोकरीला लागला. मग दुष्काळाच्या साली विहिरीनं तळ दाखवला, दोन म्हशी विकाव्या लागल्या, त्यातली एक नेताना लक्ष्मम्माकडं बघून हंबरत गेली. पण खालच्या बरडावर दरसालच दुष्काळ. पाऊस हुकला की चंद्रप्पाचं सोयाबीन शेंगा न धरताच पिवळं पडायचं. नीलम्मा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि कधी चुकूनही म्हणायची नाही, की तुम्ही विहीर सोडलीत म्हणून माझ्यावर ही पाळी. अण्णारावनं पाइप टाकून पाणी द्यायला काढलं, तर चंद्रप्पा म्हणाला, “तुमचंच भिजंना, आण्णा.” या घरातल्या माणसांना एकमेकांचं काही घेताच येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णाराव गेला. त्याची समाधी वरच्या रानात, विहिरीजवळ. तिथून बोर दिसायची, एवढंच. येळवसेला लक्ष्मम्मा अजूनही बांध ओलांडून ‘बोरं वेचायला’ जायची. नीलम्मा हसायची, “अक्काला बोराचं लई याड.”

यंदा वैशाखात चंद्रप्पा सांगत आला, “वैनी, शेततळं मंजूर झालं!” त्रेपन्न वर्षांचा गडी, पण नाचायचा बाकी होता. कृषी खात्याचा माणूस येऊन उतार बघून गेला होता. तळं खालच्याच कोपऱ्यात होणार होतं, कारण पाणी तिथंच जमतं. चारी बाजूंनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, आणि बोर त्या रेघांच्या मधोमध.

दोन दिवस लक्ष्मम्माला अन्न गेलं नाही. एक शब्द बोलली असती तर चंद्रप्पानं तळं तिथल्या तिथं मोडीत काढलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेच तर अवघड होतं! तो नाही म्हणणारा असता तर ती कधीच बोलून मोकळी झाली असती.

मशीन येणार त्या सकाळी, गुरं सोडायच्या वेळेला, ती खुरपं आणि तांब्या घेऊन एकटीच खाली गेली. बोरीखाली बसली आणि उकरायला लागली. हाड-कातडं काही राहिलेलं नसणार, तिला कळत होतं. पण चांदीची डबी तरी सापडेल. ती नेऊन बापाशेजारी ठेवता येईल. इकडं उकरलं, तिकडं उकरलं. छत्तीस वर्षांत बोरीचा बुंधा केवढा झाला होता, आणि मुळं कुठल्या कुठं गेली होती. नखं फुटली, पण डबी लागली नाही.

“वैनी, काय हुडकायलाव?”

मागं चंद्रप्पा उभा होता. हातात नारळ आणि उदबत्ती, मशीनच्या पूजेला.

“आडकित्ता पडला रं माझा. गेल्या येळवसेला.” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

“आन् हितं एवढ्या खाली ग्येला?” तो हसला, नारळ बाजूला ठेवला आणि तिच्यासमोर बसून दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. दोघं दीर-भावजय पोरीच्या मातीत हात घालून बसले. एकाला ठाऊक, एकाला नाही. लक्ष्मम्माच्या ओठावर आलं होतं. आण गेली खड्ड्यात, असंही मनात आलं.

तेवढ्यात चंद्रप्पाच बोलला. “आण्णा आज पायजे होते. तुमाला सांगतो वैनी, जल्मात माझ्या हातून काय बी धड झालं न्हाई. शाळा झाली न्हाई, रान पिकलं न्हाई. येकच काम चांगलं झालं, आण्णाला इहीर दिली ते. कवा लई वंगाळ वाटलं की तेवढं आठवतो बघा.”

लक्ष्मम्मानं ओठ मिटले ते मिटलेच.

रस्त्याकडून मशीनचा आवाज आला. तिनं तांब्या मातीनं भरून घेतला. “माती कशाला?” त्यानं विचारलं. मोगऱ्याला, म्हणाली. “आडकित्ता मी नवा आनतो,” असं तो मागून ओरडत होता. तिनं ती माती अण्णारावच्या समाधीपाशी ओतली, हातानं थापली आणि तिथंच बसून खाली बघत राहिली. बोर दोन धक्क्यांत गेली. तेव्हा मात्र ती मोठ्यानं रडली. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

श्रावणापर्यंत तळं भरलं. त्या बरडावर लोकांनी पहिल्यांदा वांगी आणि हिरवीगार कोथिंबीर बघितली. नीलम्मानं पहिली जुडी लक्ष्मम्माच्या देव्हाऱ्यात आणून ठेवली. ती या वर्षी एकदाही दुसऱ्याच्या रानात गेली नाही.

येळवस आली. चंद्रप्पानं कोप तळ्याच्या काठालाच केली आणि दोन्ही घरांची पूजा एकत्र ठेवली. उमाशंकर लातूरहून बायकामुलांना घेऊन आला. फेरी झाल्यावर चंद्रप्पानं आंबिलीचं मडकं वहिनीच्या हातात दिलं. “घरात तुमीच मोठ्या. तळ्याला पैला घास तुमी घाला.”

इतकी वर्षं पदराआड नेलेली आंबील आज सगळ्यांसमोर तिच्या दोन्ही हातांत होती. ती काठावर बसली, मडकं वाकडं केलं आणि ओतत राहिली. पांढरी आंबील पाण्यात पसरत गेली. घासभर घालायची रीत. तिनं मडकं पार उपडं केलं.

“अय्यो अक्का, सगळीच ओतलाव?” नीलम्मा धावत आली. “माणसं जेवायची हायत की!”

“असू दे,” लक्ष्मम्मा म्हणाली. “लई दिसांची उपाशी हाय.”

“कोन?”

लक्ष्मम्मानं पदरानं मडक्याचा काठ पुसला.

“जमीन गं. दुसरं कोन,” ती म्हणाली, आणि जेवणाऱ्यांना पानं मांडायला उठली.