शेजारणीची साधी चित्रं
काळ्या शाईचा वास आला की मला आखातातल्या अल् घुब्रातली माझी चिनी शेजारीण आठवते. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटली होती. तिची शाईची चित्रं हॉटेलातल्या दुकानाने विकायला ठेवून घेतली नाहीत तर दोघांना चीनला परतावं लागणार होतं. म्हणून मी तिला कौतुकाचे इंग्रजी शब्द शिकवत होते. खिडकीतल्या उघड्याबोडक्या डोंगराला ती 'ब्रेथटेकिंग' म्हणायची, माझ्या आमटीलासुद्धा 'एन्चांटिंग'. आम्ही दोघी दुकानात गेलो, तेव्हा मॅनेजरने चित्रं उलगडली आणि विचारलं, "कशी आहेत? तुम्हीच सांगा." मी मनात म्हटलं, बोल गं बाई, सगळं येतंय तुला. ती मान खाली घालून म्हणाली, "ऑर्डिनरी. नॉट गुड." आपल्या हातचं आपण वाखाणायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. माझी आईही पुरणपोळी वाढताना "साधीच झालीय" म्हणते, पण आमच्याकडे ऐकणाऱ्याला ते कळतं. मॅनेजरला ते खरंच वाटलं. "खलास, मग राहू द्या," म्हणत त्याने चित्रं परत गुंडाळली. महिन्याभरात शेजारचा फ्लॅट रिकामा झाला. जाताना तिने दिलेला शाईचा डोंगर माझ्या भिंतीवर आहे. परवा एक पाहुणी त्याच्यासमोर थबकली, "किती सुंदर आहे हो!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, साधंच आहे."