आईची परवानगी

आई माझ्याकडे इंदापूरला राहायला आली आणि तिला चालताना दम लागायला लागला. इथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बारामतीला अँजिओग्राफी झालीय ना? तो रिपोर्ट बघितल्याशिवाय मी गोळी बदलणार नाही."

मी बारामतीच्या दवाखान्यात फोन केला. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवणं आता बंद झालं होतं. सरकारी यंत्रणेतून, कॉम्प्युटरवरून थेट तुमच्या डॉक्टरांकडे जाईल म्हणाले, पण पेशंटनं समक्ष येऊन संमती द्यायची.

"अहो, तिलाच तर दम लागतोय!"

"नियम आहे, ताई."

मग काय, गेलो. आबाही घरून, वडगाव निंबाळकरहून परस्पर आले. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी टाइप केलं आणि ओटीपी आबांच्या फोनवर आला. आईला स्वतःचा फोन नव्हताच. आबा मोठ्यानं आकडे वाचायला लागले.

"आजोबा, थांबा. संमती आजींची लागते."

"आगं पोरी, मी नवरा हाय तिचा. माझी हाय की संमती."

"तुमची चालत नाही."

आई पुढं सरकली. "आन् मी न्हाय म्हटलं तर?"

"तर रिपोर्ट जाणार नाही, आजी. कुणालाच."

आईनं आबांच्या हातातून फोन घेतला आणि बाकावर जाऊन बसली.

"सांग की आता," आबा म्हणाले.

"थांबा वो. मला इचारलंय त्यांनी."

तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. आईनं काय काय पाठवणार ते मुलीकडून वाचून घेतलं, मान डोलावली आणि नवा ओटीपी आल्यावर आकडे स्वतः वाचले, एकेक करून, ठसक्यात. मला हसू आवरेना. आबासुद्धा मिशीत हसत होते.

रिपोर्ट मात्र गेलाच नाही. इंदापूरच्या दवाखान्याची त्या सरकारी यंत्रणेत नोंदच नव्हती. शेवटी आईनं अर्जावर सही केली, छापील प्रत घेतली आणि आम्ही ती पिशवीत घालून परत आलो. डॉक्टरांनी ती बघून गोळी बदलली. हळूहळू दम कमी झाला.

आई घरी परतल्यावर आबांनी आपणहून तिला फोन आणून दिला. "पुढच्या टायमाला माझी मधी कटकट नको," म्हणाले. आता चहा टाकायला सांगावं म्हणून ते गोठ्यातून फोन करतात, तेव्हा आई बहुतेक वेळा कऱ्हाटीच्या मावशीशी बोलत असते.